जर्मनीतलं परमिट संपताना घरी कसा जाऊन आलो

माझं रेसिडेन्स परमिट ऐन ख्रिसमसच्या सुट्टीत संपत होतं, मुंबईचं तिकीट काढलेलं, आणि परदेशी नागरिकांचं ऑफिस अपॉइंटमेंट देईना. सरकारी काम अन् सहा महिने थांब, तिकडेही तेच! मग मुदत संपायच्या आतच नूतनीकरणाचा अर्ज भरला आणि तिकीट जोडून ईमेलवर 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' (अर्जाचा निर्णय होईपर्यंतचं तात्पुरतं प्रमाणपत्र) मागितलं.

हा कागद मिळाला की आधी फुली कुठे मारलीय ते बघा. जर्मन निवास कायद्याचं कलम 81, पोटकलम 4 असेल तर जुनं परमिट चालू धरतात, परत येता येतं. पोटकलम 3 वाल्या कागदावर परत प्रवेश नाही. पासपोर्ट आणि जुनं कार्डही सोबत हवंच.

परतताना मुंबईच्या चेक-इन काउंटरवर बाईंनी कागद उलटसुलट पाहिला, सुपरवायझरला बोलावलं. मी फुलीवर बोट ठेवलं. बोर्डिंग पास मिळाला.