सेंट थॉमसला गरवायला जाताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत थंडी पडायला लागली की ओळखीपाळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. नाताळात कॅरिबियनमधल्या अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसला चाललोय, एक दिवस मासेमारीची बोट घेतोय, चार तासांची स्वस्तात मिळतेय, करू का बुक? कुठला मासा हवाय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: 'मार्लिन. वेबसाइटवर फोटो आहे ना.'

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. आधी बोट ठरते, मग मासा. ते उलटं व्हायला हवं.

मार्लिन म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेला खोल समुद्रातला अवाढव्य मासा, आणि त्याची कीर्ती खोटी नाही. सेंट थॉमसच्या उत्तरेला साधारण वीस मैलांवर समुद्राचा तळ एकदम खाली जातो. तिथले लोक त्या कडेला नॉर्थ ड्रॉप म्हणतात, आणि तिच्यापलीकडचा उतार आठ हजार मीटरहून खोल असलेल्या पोर्तो रिको गर्तेकडे जातो. १९७७ साली इथल्या पाण्यात १,२८२ पौंडांचा, म्हणजे ५८० किलोंहून जड निळा मार्लिन गळाला लागला. अटलांटिकचा तो विक्रम १९९२ मध्ये ब्राझीलच्या व्हितोरियाजवळ १,४०२ पौंडांचा मासा मिळेपर्यंत टिकला. पण मार्लिनचा खरा मोसम जुलै ते ऑक्टोबर, त्यातही पौर्णिमेच्या आगेमागे. बेटाच्या पूर्व टोकावरच्या रेड हूकच्या धक्क्यावरून नॉर्थ ड्रॉपला जाऊन परत यायलाच दोन-अडीच तास मोडतात. चार तासांच्या बोटीत मग गळ पाण्यात राहणार किती वेळ? त्यात डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून, पूर्वेकडून वारं सुटतं. स्थानिक लोक त्याला ख्रिसमस विंड्सच म्हणतात. वीस-पंचवीस नॉटचं वारं लागलं की बेटाच्या उत्तरेला लहान मुलं घेऊन जाण्यात काही अर्थ नसतो.

म्हणून अर्ध्या दिवसाची बोट वाईट, असं मुळीच नाही. किनाऱ्यालगत किंगफिश मिळतो, तो आपल्या सुरमईचा जवळचा भाऊबंद. बोनिटो असतो, यलोटेल स्नॅपर असतो, बरॅकुडा तर हमखास. दहा वर्षांच्या पोराच्या हातात रॉड देऊन रीळ करकरायला लागलं की त्याला मार्लिनची आठवणही होत नाही. हिवाळ्यात खोल पाण्यातलाच मासा हवा असेल तर माही आणि वाहू बघा, आणि त्यासाठी निदान सहा तासांची बोट घ्या. मार्लिनच हवा असेल तर ऑगस्टमध्ये या, पूर्ण दिवस काढा, हजार डॉलरच्या पुढे खर्चाची तयारी ठेवा आणि दिवसभरात एकही मासा न लागण्याचीही. जे पकडाल ते सोडून द्यायचं, हेही आधीच मनाशी ठरवा.

ऑनलाइन बटण दाबून दोन मिनिटांत बुकिंग करायची घाई मला समजत नाही. मी कॅप्टनला फोन करतो. गेल्या आठवड्यात काय लागलं, चार तासांत कुठपर्यंत नेणार, वारं असेल तर कुठे जाणार, मासा कोणाचा, हे चार प्रश्न विचारतो. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. पुष्कळ बोटींवर मासा बोटीचा असतो आणि तुम्हाला जेवणापुरते तुकडे कापून देतात. यात फसवणूक नाही, तिथली रीत आहे. पण धक्क्यावर उतरल्यावर त्यावरून हुज्जत घालणारे आपले लोक मी पाहिलेत. जो कॅप्टन सुरुवातीलाच 'या दिवसांत मार्लिन विसरा' म्हणतो, त्याची बोट मी डोळे मिटून घेतो.

आता ज्या चुकीमुळे हे लिहायला बसलो, ती.

ओळखीतलं एक कुटुंब व्हिला घेऊन राहिलं होतं. मीही बोटीवर होतो. सकाळच्या फेरीत हातभर लांबीचा, जाडजूड बरॅकुडा लागला. डेकवरच्या पोराने तो सोडायला उचलला आणि म्हणाला, हा इथे आम्ही खात नाही. बरोबर आलेले काका मालवणचे. 'अहो, मासा आम्हाला शिकवू नका. ताजा फडफडीत आहे, डोळे बघा, गिल बघा,' म्हणाले. मी समजावलं, वहिनींनीही दोनदा नको म्हटलं. पण मासा घरी आलाच. आगळ, हळद, तिखट लावून, रव्यात घोळवून मस्त कुरकुरीत तळला. चौघांनी खाल्ला.

रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. सगळ्यांना वाटलं, पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी काकांनी फ्रीजमधलं पाणी तोंडाला लावलं आणि ग्लास तसाच खाली ठेवला. पाणी भाजतंय, म्हणाले. ओठांभोवती मुंग्या, तळहातांना चरचर, नळाच्या गार पाण्याखाली हात धरवेना. डॉक्टरने एकच विचारलं: कुठला मासा खाल्ला? मुंग्या आणि खाज अमेरिकेत परतल्यावरही कित्येक आठवडे गेली नाही.

याला सिग्वाटेरा म्हणतात. प्रवाळावर, समुद्री शेवाळावर एक सूक्ष्म जीव वाढतो, त्याचं विष लहान माशांत उतरतं, लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातं. व्हर्जिन बेटांमध्ये हा प्रकार जुना आणि सगळ्यांना ठाऊक आहे. माशाचा ताजेपणा, वास, चव, रंग यांतून काहीही कळत नाही. तळा, उकळा, गोठवा, कोकम लावा, विष तिथेच राहतं. माशी बसते का, चांदीचं नाणं काळं पडतं का, या परीक्षा निव्वळ भाबड्या. त्यावर उतारा देणारं औषध नाही, फक्त त्रास कमी करणारे उपचार आहेत. बरं झाल्यावरही काही महिने मासे, दारू आणि दाणे-बदाम टाळायला सांगतात, कारण त्यांनी लक्षणं उलटतात.

प्रवाळाजवळचा मोठा शिकारी मासा इथे मी खात नाही. बरॅकुडा कधीच नाही, अंबरजॅक नाही, मोठा ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूचा भाऊ, तोही नाही. खुल्या समुद्रातले माही, वाहू, कुपा यांवर ताव मारावा, पण ते पकडल्याबरोबर बर्फात गेले पाहिजेत. कुपा किंवा माही उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, तेही शिजवून जात नाही, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासात अंग लाल होतं. बोटीवर चढलं की मी आधी बर्फाची पेटी उघडून बघतो. आणि डेकवरचा माणूस 'हा खाऊ नका' म्हणाला तर तिथे विषय संपतो. त्याचं सारं आयुष्य त्या पाण्यावर गेलंय, आपण चार दिवसांचे पाहुणे.

बोट लागणं. 'मला कधी गाडी लागत नाही' यावर विसंबू नका. घाटातली गाडी वेगळी, लाटेवर इंजिन मंद करून डोलणारी बोट वेगळी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. मेक्लिझिन आदल्या रात्री एक आणि सकाळी निघण्याच्या तासभर आधी एक, ही माझी सवय. त्याने झोप येते, म्हणून ती आधी घरी घेऊन बघा. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, निघण्याच्या निदान चार तास आधी लावावी लागते, आणि काचबिंदू असलेल्यांनी ती लावू नये. सकाळी कोरडा टोस्ट खा. उपाशीपोटी जाऊ नका, पोहे-शिरा हाणूनही नको. केबिनमध्ये जाऊन आडवं होऊ नका, मोबाइल तर खिशातच ठेवा. बाहेर उभं राहून क्षितिजाकडे बघत राहा.

माणसं मोजा. इथल्या बहुतेक मासेमारी बोटींवर सहाच प्रवासी चालतात, आणि हा तटरक्षक दलाचा नियम आहे. तान्हं मूलही त्यात धरतात. 'छोटी मांडीवर बसेल' हे इथे चालत नाही. आठ जण असाल तर दोन बोटी घ्या, नाहीतर दोघांना किनाऱ्यावर सुखाने बसू द्या.

स्वतः बोट भाड्याने घेऊन वाटेल तिथे गळ टाकणं हा शॉर्टकट सगळ्यात महाग पडू शकतो. बेटाच्या दक्षिणेला हाइंड बँक हा समुद्राचा पट्टा १९९९ पासून मासेमारीला पूर्ण बंद आहे, आणि शेजारच्या सेंट जॉन बेटाभोवतीही राष्ट्रीय उद्यानाचे आणि प्रवाळांसाठी राखलेल्या राष्ट्रीय स्मारकाचे नियम आहेत. सेंट जॉन आणि टोर्टोला या बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यात तर देशच बदलतो. पलीकडे ब्रिटिश हद्द, तिथे नोंद आणि मासेमारीचा परवाना दोन्ही लागतं. पाण्यावर रेघ काढलेली नसते.

क्रूझने येणाऱ्यांनी पूर्ण दिवसाच्या बोटीच्या नादी लागू नये. जहाज हॅवनसाइटला किंवा क्राउन बेला लागतं आणि बोटी बहुतेक रेड हूकहून, बेटाच्या पूर्व टोकावरून सुटतात. मधल्या डोंगरी रस्त्यावर गर्दीत अडकलात तर जहाज थांबत नाही. बेटावर घड्याळ वर्षभर एकच असतं, जहाजाचं वेगळं असू शकतं. कॅप्टन कुठल्या घड्याळाने बोलतोय ते विचारून घ्या.

केळी बोटीवर नेऊ नका. दर्यावर्दी ती अपशकुनी मानतात आणि काही कॅप्टन खरोखर परत पाठवतात. त्यांचा दर्या, त्यांची श्रद्धा, आपण मान राखावा.

सनस्क्रीन घेताना डबीवरची यादी वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेलं इथे मार्च २०२० पासून बंद आहे. त्याहून बरं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट.

डेकवरच्या माणसाला बोटीच्या भाड्याच्या १५ ते २० टक्के टिप रोख द्या, मासा लागो न लागो. त्याची कमाई बरीचशी तीच.

आणि तारीख. मार्लिनचा मोसम आणि वादळांचा मोसम एकच. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा आणि मारिया ही दोन्ही वादळं दोन आठवड्यांच्या अंतराने या बेटांवर आली. कॅप्टनने हवा बघून फेरी रद्द केली तर पैसे परत, की फक्त तारीख बदलणार, हे आधी लेखी घ्या. मी बोट नेहमी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवतो, म्हणजे पुढे ढकलायला दिवस उरतात. परतीच्या दिवशी सकाळी तर कधीच नको. सेंट थॉमस अमेरिकेचं असलं तरी मुख्य भूमीकडे उडण्याआधी विमानतळावर कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी होते. ती रांग लांब असते, आणि भारतीय पासपोर्टवर असाल तर व्हिसाचे सगळे कागद हाताशी लागतात.