गेम अडकतोय म्हणून प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

गेम अडकला की लोक आधी प्लॅन वाढवतात. ५० एमबीपीएसचे १५० होतात आणि गेम तसाच अडकत राहतो. ऑनलाइन खेळायला वेग फारच कमी लागतो, एक-दोन एमबीपीएसही पुष्कळ झाले. लागते ती स्थिर पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. म्हणून पैसे भरण्याआधी लॅपटॉप कन्सोलशेजारी ठेवा आणि वायफायवरून राउटरच्या पत्त्याला, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, पाच मिनिटं सतत पिंग करा. आकडे २ ते ५ मिलिसेकंदांवर टिकले तर घरातलं वायफाय ठीक आहे. मध्येच ८०, १५० दिसले किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर दोष घरातच आहे आणि मोठ्या प्लॅनने तो जाणार नाही.

राउटरमागे राउटर

ही चूक सगळ्यात जास्त घरांत सापडते. फायबरवाल्याने दाराजवळ बसवलेला डबा, म्हणजे ओएनटी, हा बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो. त्याची रेंज बेडरूमपर्यंत पोहोचत नाही म्हणून नवा राउटर येतो आणि ओएनटीच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टातून वायर थेट त्याच्या वॅन (इंटरनेट आत येण्याच्या) पोर्टात जाते. इंटरनेट चालतं, लॅपटॉपवर व्हिडिओ छान दिसतात, त्यामुळे काम झालं असं सगळ्यांना वाटतं. कन्सोलवर मात्र मित्राचा आवाज येत नाही, लॉबीत शिरता येत नाही, एक्सबॉक्स ‘डबल नॅट’ची (घरातल्या पत्त्यांची अदलाबदल दोन राउटर करत असल्याची) सूचना देतो, नाहीतर प्लेस्टेशन नॅट टाइप ३, म्हणजे सगळ्यात बंदिस्त जोडणी, दाखवतो.

मग कुणीतरी व्हिडिओ बघून नव्या राउटरवर ३०७४ पोर्ट फॉरवर्ड करतो, म्हणजे बाहेरून येणाऱ्या गेमच्या संदेशांसाठी त्या क्रमांकाची वाट उघडतो. काहीच होत नाही, कारण पुढच्या ओएनटीवर ते पोर्ट बंदच असतं. त्यानंतर यूपीएनपी चालू-बंद, डीएनएस बदल, फॅक्टरी रिसेट असे सगळे प्रयोग होतात. रिसेटच्या नादात चुकून ओएनटीचंच बटण दाबलं, तर त्यातली सेटिंग उडतात आणि घर एक-दोन दिवस इंटरनेटशिवाय बसतं. ओएनटीच्या रिसेटच्या भोकाला पिन लावू नका, कधीच.

उपाय दोन आहेत. नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका; मग पत्ते वाटायचं काम ओएनटी एकटाच करेल. किंवा सेवा देणाऱ्याला फोन करून ओएनटी ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद, फक्त इंटरनेट पुढे देणं) करून घ्या आणि पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरा. नवा राउटर चांगला असेल तर दुसरा उपाय करावा, कारण ओएनटीमधली सेटिंग सहसा तोकडी असतात. ओएनटीवर लँडलाइन असेल तर फोनवर आधीच सांगा. त्यानंतर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे सेवा देणाऱ्याने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे, आणि घरात बसून कितीही पोर्ट उघडलीत तरी उपयोग नाही. सेवा देणाऱ्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, मागा.

रिपीटरचा मोह

बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून तिथल्याच प्लगमध्ये रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, खोचतात. लॅपटॉपवर रेंजच्या सगळ्या काड्या भरतात, पण त्या रिपीटरपर्यंतच्या असतात. त्या कोपऱ्यात रिपीटरलाच राउटर नीट ऐकू येत नाही. शिवाय एकाच बँडवर (रेडिओच्या पट्ट्यावर) ऐकायचं आणि पुन्हा बोलायचं असल्याने वेग साधारण अर्धा होतो आणि पिंग उड्या मारते. कन्सोलसाठी रिपीटर घेऊच नये.

कन्सोल जागचा हलत नाही, त्याला वायर द्या. १५-२० मीटर कॅट ६ केबल केसिंग पट्टीतून भिंतीच्या कडेने सहज जाते. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून मात्र ओढू नका. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. स्वस्तातली सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ती वाकवली की तुटते. कनेक्टर बसवताना समोर उभे राहा, कारण घाईत चारच तारा जोडून वेळ मारून नेली जाते आणि वेग १०० एमबीपीएसवर अडतो. आठही तारा, दोन्ही टोकांना याच क्रमाने: सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, निळा, सफेद-निळा, हिरवा, सफेद-तपकिरी, तपकिरी. मग लॅपटॉप लावून लिंक स्पीड १ जीबीपीएस दिसतो का ते बघा. राउटरचं पोर्टही गिगाबिट हवं. २०१७च्या निन्टेन्डो स्विचच्या डॉकला लॅन पोर्ट नाही, त्याला यूएसबी ॲडॅप्टर लागतो.

वायफायच हवं असेल तर

राउटर टीव्हीमागे किंवा चपलांच्या कपाटात कोंबू नका. छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. २०१३चा मूळ पीएस ४ फक्त २.४ गीगाहर्ट्झच ओळखतो, त्याला ५ गीगाहर्ट्झचं नाव दिसत नाही म्हणून राउटरला दोष देऊ नका. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘रिकामा दिसतोय’ म्हणून ३ किंवा ४ निवडलात तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा त्रास ओढवून घ्याल. ५ गीगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधल्या ५२ ते १४४ चॅनलांवर रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावंच लागतं आणि ऐन सामन्यात जोडणी तुटते.

लॅपटॉपला यूएसबी ३ची हार्डडिस्क लावल्यावरच २.४चं वायफाय किंवा वायरलेस माउस अडखळत असेल, तर डिस्क लांब केबलने दूर ठेवा. त्या पोर्टाचा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो.

फक्त संध्याकाळी अडकतं? त्या वेळी कुणाच्या लॅपटॉपवरून क्लाउडवर फोटो चढतात का बघा. अपलोड भरला की सगळ्यांची पिंग चढते. राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे वेग वाटून देणाऱ्या सेटिंगमध्ये, अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून टाका.

डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण ओएनटी आणि राउटर दोन्हींसाठी, ॲडॅप्टरवरचे ॲम्पिअर वाचून.

कुठलाही बदल केल्यावर क्रम पाळा. आधी ओएनटी चालू करा, त्यावरचा पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा, मग राउटर, आणि त्याचं वायफाय दिसू लागल्यावर कन्सोल. सगळं एकदम चालू केलंत तर कन्सोल अर्धवट जोडणीवर नॅटची चाचणी करतो आणि तुम्ही बरोबर असलेली सेटिंग पुन्हा बदलत बसता.