लिनक्सवर व्हीएम चालवताय? फाइल सिस्टीमच्या या चुका टाळा

व्हीएम (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) स्लो आहे, व्हीएम उघडत नाही, व्हीएमने डेटा खाल्ला, असं कोणी म्हटलं की मी आधी एकच विचारतो, डिस्क इमेज, म्हणजे व्हीएमची अख्खी डिस्क ज्या फाइलमध्ये असते ती, कुठे ठेवलीय आणि तिथे फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) कुठली आहे? रॅम किती दिली, कोअर किती दिले हे लोकांना तोंडपाठ असतं, पण हे विचारलं की शांतता, किंवा मग "डी ड्राइव्हवर आहे".

डी ड्राइव्हवर इमेज ठेवणं

ड्युअल बूटवाले, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारे, हे हमखास करतात. लिनक्सला इन्स्टॉल करताना कंजूषपणे थोडीशी जागा दिलेली असते, ती भरते, मग इमेज जाते विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर. पहिली कटकट परमिशनची. व्हर्ट-मॅनेजर या ॲपमधून चालवलेलं क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) सहसा तुमच्या युजरने चालत नाही, उबंटू-डेबियनवर त्याचा युजर असतो लिबव्हर्ट-क्यूईएमयू, फेडोरावर नुसता क्यूईएमयू. एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर फाइलचा मालक कोण हे बहुतेक वेळा माउंट करतानाच ठरतं, नंतर मालक बदलायची चाऊन कमांड कितीही मारा, काही होत नाही. मग कोणीतरी सांगतं सगळं रूटने चालव, की झालं, हे लगेच ऐकतात. कृपा करून असं करू नका, माउंट ऑप्शनमध्ये यूआयडी-जीआयडी (युजर आणि ग्रुपचे नंबर) नीट द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी कटकट जास्त वाईट. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि पार्टिशन लिनक्सला रीड-ओन्ली मिळतं किंवा माउंटच होत नाही. यावर लोक एनटीएफएसफिक्स मारतात. ते काही चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) नाही, थोड्या वरवरच्या गोष्टी दुरुस्त करून बाकी काम विंडोजवर सोडून देतं. फास्ट स्टार्टअप विंडोजमध्ये जाऊन बंद करा. माझी सवय म्हणाल तर व्हीएमसाठी एक्सएफएस किंवा ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टीमचं वेगळं पार्टिशन, आणि त्याला हात लावायची विंडोजला परवानगी नाही.

फॅट32 पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, त्यामुळे तो विषय संपला. एक्सफॅटवर बसते, पण तिथे स्पार्स फाइल (रिकाम्या भागासाठी जागा न खाणारी) नाही, म्हणजे आत जेमतेम 12 जीबी भरलेली 100 जीबीची रॉ इमेज तिकडे पूर्ण 100 जीबी खाते. न्यायचीच असेल तर आधी क्यूकाऊ2 या, भरलेल्या डेटापुरतीच जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करा.

एकच डिस्क होस्टमध्येही माउंट आणि गेस्टमध्येही

होस्ट म्हणजे मूळ मशीन, गेस्ट म्हणजे त्यात चालणारं व्हीएम. ही चूक बघितली की मला खरंच त्रास होतो, कारण यात डेटा जातो आणि जाताना आवाज येत नाही.

एका मित्राच्या ऑफिसात नवीन पोराने यूएसबीची मोठी डिस्क, ईएक्सटी4 केलेली, एसडीबी (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) म्हणून थेट व्हीएमला देऊन टाकली. आत फाइल सर्व्हर. पण डिस्क लावताच होस्टच्या डेस्कटॉपनेही ती आपोआप माउंट केली होती, आणि त्याला वाटलं बरंच झालं, दोन्हीकडून वापरता येईल, म्हणून बॅकअपची स्क्रिप्ट होस्टवरून त्याच डिस्कवर लावली. सुरुवातीला सगळं चाललं. फक्त होस्टवर टाकलेली फाइल गेस्टमध्ये दिसायची नाही, तर तो रीबूट करायचा, मग दिसायची. इथेच थांबून विचार करायला हवा होता की असं का होतंय.

ईएक्सटी4 हे धरून चालतं की डिस्कवर लिहिणारा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एकच आहे. मोकळे ब्लॉक कुठले याची नोंद दोन्ही कर्नल आपापल्या मेमरीत ठेवतात, मग एकाने दिलेला ब्लॉक दुसरा मोकळा समजून भलत्याच फाइलला देतो. शेवटी एके दिवशी "स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग" आलं आणि डिस्क रीड-ओन्ली झाली. मला फोन आला तोवर त्याने एफएससीके ही फाइल सिस्टीम दुरुस्त करायची कमांड सगळ्याला हो म्हणत चालवून टाकली होती, तेही डीडीरेस्क्यू या टूलने डिस्कची कॉपी न काढता. सापडलेले तुकडे जिथे टाकले जातात त्या लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइल, कुठली कोणाची ते उघडून बघायचं. बरंच काही परत मिळालंच नाही.

"मी रीड-ओन्ली माउंट करतो" हेही उत्तर नाही. ईएक्सटी4 रीड-ओन्ली माउंट करतानासुद्धा जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) रीप्ले करून डिस्कवर लिहितं, नोलोड हा माउंट ऑप्शन दिला नाही तर. क्यूईएमयूमध्ये 2.10 पासून इमेज लॉकिंग आहे खरं, पण ते दोन क्यूईएमयू एकमेकांना भिडू नयेत म्हणून, होस्टच्या माउंटला ते अडवत नाही. व्हीएमला डिस्क द्यायच्या आधी मी दर वेळी डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारून माउंटपॉइंटचा रकाना रिकामा आहे का बघतो. आणि दोन्हीकडून फाइल हव्या असतील तर डिस्क एकाकडेच ठेवून दुसऱ्याला सांबा, एनएफएस किंवा व्हर्टिओ-एफएस अशा फाइल शेअरिंगने द्या.

बीटीआरएफएसवर इमेज

फेडोरा 33 पासून, म्हणजे 2020 पासून, फेडोरा वर्कस्टेशनवर बीटीआरएफएसच डिफॉल्ट आहे, त्यामुळे अनेकांना आपण ते वापरतोय हेच माहीत नसतं. ते जुन्या जागी न लिहिता दर वेळी नव्या जागी लिहितं, आणि व्हीएम तर सतत इथेतिथे छोटं छोटं लिहीत असतं, मग इमेजचे असंख्य तुकडे. तुकडे मोजणारी फाइलफ्रॅग कमांड मारून बघा म्हणजे कळेल. उपाय म्हणजे रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस कॅपिटल सी (नव्या जागी लिहिणं बंद करणारी कमांड), इमेज बनवायच्या आधी. भरलेल्या इमेजवर मारून उपयोग नाही, तिची नव्या फोल्डरमध्ये रीफ्लिंक (जुनेच ब्लॉक वापरणारी झटपट कॉपी) बंद ठेवून कॉपी करावी लागते. यात त्या फाइलचं चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारी खूण) आणि कॉम्प्रेशन जातं, म्हणजे बॅकअप तुमचा तुम्ही बघायचा. लिबव्हर्टची (व्हर्ट-मॅनेजरमागची सिस्टीम) नवी आवृत्ती पूल, म्हणजे इमेज ठेवायची जागा, बिल्ड करताना हे स्वतः करते, पण हाताने बनवलेल्या फोल्डरला नाही.

बाकी थोडक्यात. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये एनपीएम (जावास्क्रिप्टचं पॅकेज टूल) इन्स्टॉल अडकलं तर आधी सिमलिंकवर (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) संशय घ्या, तिथे ते डिफॉल्टने बनवता येत नाहीत. शेअर्ड फोल्डरवर डेटाबेस ठेवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

आणि नव्या होस्टवर फॉरमॅट केलेली डिस्क उबंटू 22.04 सारख्या गेस्टला दिल्यावर एफएससीके "फीचर सी12" म्हणून नकार देत असेल तर डिस्क खराब नाहीये, लगेच फॉरमॅट मारू नका. ईएक्सटी4 ची टूल्स असलेल्या ई2एफएसप्रॉग्स पॅकेजच्या 1.47 आवृत्तीने ऑर्फन-फाइल हे फीचर डिफॉल्टने चालू केलं, 1.46 ला ते कळत नाही. डिस्क अनमाउंट करून नव्या होस्टवरूनच ट्यून2एफएसने ते फीचर काढा, आणि पुढच्या वेळी फॉरमॅट करणाऱ्या एमकेएफएसलाच ते नको म्हणून सांगा.