पुळणीवर रात्र काढण्याआधी

सगळ्यात आधी पंचांग उघडा. तंबू, शेगडी, बॅटरी हे सगळं नंतर. ज्या रात्री जायचं त्या रात्रीची तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. कोकणातले मासेमार भरतीची वेळ अशीच सांगतात: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पुढची भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. हिशोब ढोबळ आहे, थोडंफार मागेपुढे होतं, म्हणून जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकही सोबत ठेवा. पण या पाऊणपटीतून एक गोष्ट लख्ख कळते. पौर्णिमेला आणि अमावस्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, भरती अकरा-बाराच्या सुमाराला येते, दुपारी आणि पुन्हा मध्यरात्री, आणि तीही उधाणाची. म्हणजे संध्याकाळी सहाला तुम्ही पोचता तेव्हा ओहोटी तळाला गेलेली असते. पुळण अशी लांब-रुंद पसरलेली दिसते की इथे पाणी येईल असं वाटतच नाही.

देवगड तालुक्यातल्या एका पुळणीवर कोजागरीच्या रात्री आम्ही सहा जणांनी हीच चूक केली. संध्याकाळी एक म्हातारे रापणकर काका, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मासेमार, सांगून गेले होते, “पानी हयसर येतला.” पाणी इथवर येईल. आम्हाला वाटलं, हे आपल्याला इथून उठवायला बघतायत. साडेअकराला तंबूच्या बुडाखालून पाणी शिरलं. माझा नऊ वर्षांचा पुतण्या आत झोपला होता. अंधारात त्याला उचलून वर धावतानाचे ते दोन-तीन मिनिट मी अजून विसरलेलो नाही. ती रात्र आम्ही त्याच काकांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, काढली. मुंबई-अलिबागकडे उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण मुलाला बुडवायला तेवढंही पुरतं.

जागा बघताना मर्यादवेल शोधा. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळट फुलं, वाळूवर लांबच लांब सरपटत गेलेली वेल. समुद्राची मर्यादा तिच्यापाशी संपते, म्हणून हे नाव. तंबू तिच्या अलीकडे नको, आणि तिच्यावरही नको. वाळूच्या टेकड्या तिनेच धरून ठेवलेल्या असतात आणि सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९च्या अधिसूचनेत या टेकड्या, कांदळवनं आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. तेव्हा राहतो तो वेलीच्या पलीकडचा, गावाकडचा पट्टा. अडचण तिथेच सुरू होते, कारण तिथली जमीन कुणाची तरी असते.

ती कुणाची, हे घरून निघण्याआधी कळलं पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २०प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ सरकारचा. रेषेच्या वर मात्र सातबारा बोलतो. गावातल्या कुणाला फोन करून गट नंबर विचारा आणि महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा पाहा. खातेदाराचं नाव असेल तर त्याची परवानगी. ग्रामपंचायतीची किंवा शासनाची जागा असेल तर सरपंचांशी आणि तलाठ्यांशी बोला, जमलं तर साधा अर्ज देऊन पोच घ्या. “सरकारी म्हणजे सगळ्यांची” हे वाक्य किनाऱ्यावर फार ऐकू येतं. सरकारी जमिनीवर कुणीही कुठेही मुक्काम करावा असा हक्क कुठल्या कायद्याने दिलेला नाही.

सुरूच्या बनाबद्दल विशेष सांगतो, कारण सगळ्यांचा डोळा त्याच्यावर असतो. सावली, मऊ जमीन, दोरी बांधायला खोडं. पण सुरूची बनं बहुतेक ठिकाणी वनखात्याने किंवा सामाजिक वनीकरणाने लावलेली आहेत. उताऱ्यावर वन असं दिसलं तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि विस्तव पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी खाली पडलेल्या त्या सुया पाहा. एप्रिलमध्ये एक ठिणगी पुरते आणि दुपार-संध्याकाळचा वारा समुद्रावरून गावाकडेच वाहत असतो. फणसाडसारख्या अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊलच ठेवता येत नाही.

किल्ल्यांवर मुक्काम नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. ती सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच उघडी असतात आणि आत चूल मांडायला मनाई आहे. २०२५ साली हे तिन्ही किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, झोपायचा विचार असेल तर आधी कातळशिल्पांची चौकशी करा. बारसू, कशेळी, उक्षीच्या कातळावरच्या आकृत्या रात्री बॅटरीच्या उजेडात दिसतही नाहीत, आणि खुंट्या तिथेच ठोकल्या जातात. देवराईत तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय शिरूही नका. तिथलं पडलेलं लाकूडसुद्धा देवाचं मानतात, ते चुलीत जाता कामा नये.

आता कळवायचं कुणाला. सरपंच, पोलीसपाटील आणि जवळचं सागरी पोलीस ठाणं. १९९३च्या बॉम्बस्फोटांतली स्फोटकं रायगडच्या शेखाडीला उतरली होती. तेव्हापासून, आणि २००८ नंतर जास्तच, किनाऱ्यावरची गावं रात्रीच्या अनोळखी उजेडाकडे लक्ष ठेवून असतात. ठेवलंच पाहिजे. म्हणून प्रत्येकाचं ओळखपत्र, गाडीचे नंबर, किती जण आणि किती वाजेपर्यंत, हे दिवसाउजेडी सांगून या. सागरी पोलिसांचा १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, वनखात्याचा १९२६, रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कड्याखालच्या पुळणीवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा ती कुठल्या वळणावर येते तेही पाहून ठेवा. एखाद्या आयोजकाबरोबर जात असाल तर राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखालची त्याची नोंदणी विचारा.

होड्या ओढायची वाट, मासळी सुकवायची जागा आणि रापणीची जागा मोकळी सोडा. रापण पहाटे लागते. वीस-पंचवीस माणसं दोर ओढत मागे सरकत येतात, त्यांच्या पाठीला तंबू लागला तर त्यांची त्या दिवसाची कमाई अडते. आंब्याच्या बागेत तर मार्च ते मे रात्रीची राखण असते. तिथे अंधारात शिरू नका आणि खाली पडलेला आंबा, नारळ उचलू नका, तो बागायतदाराचा.

नोव्हेंबर ते मे या काळात कासवांच्या किनाऱ्यावर तंबू लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर, वायंगणी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, शंभरच्या आसपास अंडी पुरते आणि जाते. माणसांचा वावर दिसला तर अंडी न घालताच परत फिरते. पिल्लं साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी बाहेर पडतात आणि क्षितिजावर जिथे जास्त उजेड तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो समुद्राकडे असतो, तुमचा कंदील लागला की तंबूकडे. वेळासला २००२ पासून गावकरी घरटी राखतायत आणि पाहुण्यांना घरात उतरवून घेतात. तिथे घरातच उतरा.

विस्तव वाळूत करू नका. वर वाळू लोटली की निखारा विझत नाही, आतल्या आत तासन्‌तास धगधगतो, आणि सकाळी तिथून अनवाणी पोरं जातात. गॅसची छोटी शेगडी न्या. पाणी माणशी पाच लिटर घरूनच, कारण उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात आणि गोड पाण्याची एखादीच विहीर वाडीला पुरवायची असते. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, तो २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. दारू नको. शौचासाठी वाडीतल्या एखाद्या घरी आधीच विचारून ठेवा आणि पैसे द्या, पुळणीवर खड्डा खणून भागवू नका. जून ते सप्टेंबर हा बेतच नको.

फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू, दोन्ही कोकणात आहेत. फुरसं कातळाच्या फटीत आणि पाचोळ्यात दडून असतं आणि रात्री बाहेर पडतं. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती, तो काळ फार जुना नाही, महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन हे औषध वापरून ते प्रमाण खाली आणलं. म्हणजे इलाज आहे, वेळेत पोचलं पाहिजे. सर्पदंशाची लस कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे आधी फोन करून विचारा आणि एक गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा. गाडी पुळणीवर उतरवू नका.

मी आता जिथे जातो तिथे उजेड असताना वाडीत शिरतो आणि एखाद्या आजींना किंवा काकांना विचारतो, “खळ्यात तंबू लावला तर चालेल का?” बहुतेक वेळा चालतं. जेवण त्यांच्याच घरी सांगतो, पैसे आधी ठरवतो. सकाळी कचऱ्याची पिशवी गाडीत गेली की खुंट्यांचे खड्डे पायाने बुजवतो, आणि आदल्या संध्याकाळी पोरांनी पुळणीवर खणलेले किल्ले आणि खंदकही. कासवाचं पिल्लू तळहातापेक्षा लहान असतं, त्यातून त्याला वर चढता येत नाही.