न्यूरल प्रोबवर पेडॉटचा थर: किती चढवायचा, कुठे थांबायचं

मेंदूत बसवायच्या प्रोबवरची १५ मायक्रोमीटर व्यासाची सोन्याची साइट (सिग्नल टिपणारा इलेक्ट्रोड) कोरी असताना १ किलोहर्ट्झला इंपीडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा विरोध, मेगाओमच्या घरात असतो. पेडॉट-पीएसएस (वीज वाहून नेणारं पॉलिमर) नीट चढलं की तो काही दहा किलोओमवर येतो, नॉइज घटतो आणि बारीक स्पाइकही (चेतापेशींचे विद्युत स्पंद) वेगळे दिसू लागतात.

द्रावणासाठी ५० मिली डीआयोनाइज्ड पाण्यात १.०३ ग्रॅम सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट आधी पूर्ण विरघळवा. मग फ्यूम हुडमध्ये ५३ मायक्रोलिटर ईडॉट (ज्या रेणूंपासून पेडॉट बनतं ते) घाला. ते १० मिलिमोलर होतं. ईडॉट तेलकट आहे, थेंब तळाशी बसतो. तो दिसेनासा होईपर्यंत झाकण लावून ढवळा, रात्रभर ठेवलंत तर उत्तम. द्रावणाला निळसर झाक आली तर ते ओतून द्या, नवीन करा.

साइट आयसोप्रोपेनॉलने आणि पाण्याने धुऊन ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात सायक्लिक व्होल्टॅमेट्री करा, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजा, ५० मिलिव्होल्ट प्रतिसेकंदाने. सोन्याच्या ऑक्साइडचं शिखर लागोपाठच्या फेऱ्यांत जागचं हललं नाही की साइट स्वच्छ झाली. इथे डबल जंक्शनचाच रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) वापरा. साध्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडमधून क्लोराइड झिरपलं तर सोन्याचा पातळ थरच विरघळतो. फिल्म पुढे सुटते ती बहुतेक वेळा याच पायरीवर केलेल्या घाईमुळे.

आता ईडॉटच्या द्रावणात साइटमधून स्थिर करंट सोडून थर चढवायचा, त्याचा हिशोब. साइटचं क्षेत्रफळ १७७ चौरस मायक्रोमीटर. प्रति चौरस सेंटीमीटर ०.५ मिलिॲम्पियर धरलं तर करंट येतो ०.८९ नॅनोॲम्पियर. ४०० सेकंदांत साधारण ३५० नॅनोकूलॉम, म्हणजे प्रति चौरस सेंटीमीटर २०० मिलिकूलॉम चार्ज जातो. तिथे थांबा. व्होल्टेजचा आलेख सतत समोर ठेवा: सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत तो ०.९ व्होल्टच्या आसपास स्थिरावायला हवा. १.१ च्या वर चढत राहिला तर पॉलिमर जास्त ऑक्सिडाइज होऊन त्याची वाहकता जाते. करंट कमी करा.

पोटेन्शिओस्टॅटला (व्होल्टेज आणि करंट नियंत्रित करणाऱ्या यंत्राला) इतका लहान करंट झेपत नाही म्हणून १६ साइट एकत्र जोडायचा मोह होतो. त्यातली एक जरी तुटकी असली तरी तिच्या वाट्याचा करंट बाकीच्यांवर पडतो आणि त्यांचा थर जाड होतो. एकेक साइटच करा, नाहीतर ०.९ व्होल्ट स्थिर ठेवून चार्जच्या मर्यादेवर बंद करा.

इंपीडन्स आणखी उतरावा म्हणून थर वाढवत बसू नका. एवढ्या चकतीभोवतीच्या सलाइनचा स्वतःचाच रोध २० किलोओमच्या वर आहे, त्याखाली कोणताही लेप नेणार नाही. जास्तीचा थर मात्र कडेने पसरतो, शेजारच्या साइटला जाऊन चिकटतो आणि वाळताना तडकतो. मायक्रोस्कोपखाली गर्द निळा-काळा डाग साइटच्या काठाबाहेर झुबक्यासारखा फुगलेला दिसला, तर चार्ज निम्म्यावर आणा.

धुऊन झाल्यावर फॉस्फेट बफर सलाइनमध्ये इंपीडन्स मोजा. मग उणे ०.६ ते अधिक ०.८ व्होल्ट अशा १०० फेऱ्या द्या आणि पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर फिल्म सुटते आहे. तो प्रोब प्राण्यात घालू नका. निर्जंतुक करायला एथिलीन ऑक्साइड वापरा. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये लेप दिलेला प्रोब कधीही धुऊ नका.