गिऱ्हाईक पुण्यात, गाडी जळगावात: जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडची तरुण पोरं हल्ली सारखी विचारतात, "दादा, जुन्या स्विफ्ट-क्रेटा सगळेच विकतात. मला स्पोर्ट्स गाड्यांत उतरायचंय, जमेल का?" जमेल. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवून घ्या. या गाडीचं शेवटचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आपल्या गावात नसतं. ते पुण्यात, मुंबईत, नाशकात, नाहीतर सुरत-इंदूरला असतं. गाडी आपल्याला आवडली म्हणून घ्यायची नाही, तिथल्या जाणकार शौकिनाला ती दाखवली तर तो काय काय विचारेल हे धरून घ्यायची. या धंद्यात मी जे काही शिकलो ते सगळं या एका गोष्टीतून निघालं.

जागा म्हणून खान्देश वाईट नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. सुरतेची पार्टी असो की इंदूरची, एका दिवसात येऊन गाडी बघून परत जाऊ शकते. जागेचं भाडंही पुण्यापेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे गाडी दोन महिने जास्त थांबली तरी जीव जात नाही. कमतरता एकच, पण मोठी: या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री इथे सहज मिळत नाही. दुरुस्तीला नाशिक किंवा पुणे गाठावं लागतं, आणि गाडी ट्रेलरवर टाकून नेण्याचा खर्च घेतानाच हिशोबात धरावा लागतो.

आपल्याकडे 'स्पोर्ट्स' म्हणून दोन थरांतल्या गाड्या फिरतात. पहिला थर घरगुती दिसणाऱ्या पण जोरकस गाड्यांचा: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, जुनी होंडा सिटी व्हीटेक. दुसरा थर दोन दारांच्या गाड्यांचा: बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर आणि केमन, फोर्ड मस्टँग. नवख्याने पहिल्या थरातच हात बसवावा असं माझं ठाम मत आहे. तिथे गिऱ्हाईक जास्त, सुटे भाग मिळतात, आणि चुकून पैसे अडकले तरी अडकणारी रक्कम आवाक्यातली असते.

भाव कशावर ठरतो? साध्या गाडीत वर्ष, रनिंग आणि ओनर बघितले की अंदाज येतो. इथे तेवढ्यावर भागत नाही. ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात २०२० मध्ये आली ती फक्त २०० गाड्यांची, शोरूमची किंमत ३५.९९ लाख. इतक्या कमी गाड्या आणि मागे लागलेले शौकीन, त्यामुळे चांगली ठेवलेली आरएस नेहमीच्या सेडानसारखी पडत नाही. पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हापासून स्वच्छ, कंपनी सर्व्हिसची जीटी टीएसआय बाजारात आली की फोन सुरू होतात. गिअरबॉक्सही भाव हलवतो. जुन्या आरएसमध्ये मॅन्युअल गिअर हवा असणारा वर्ग वेगळाच आहे आणि तो त्यासाठी जास्त मोजतो.

उलट दुसऱ्या थरातल्या गाड्यांचे भाव सुरुवातीला धडाधड पडतात. नवी असताना साठ-सत्तर लाखांना आलेली रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची दोन सीटची गाडी, काही वर्षांनी वीस-बावीस लाखांत मिळते आणि पोरांचे डोळे चमकतात. भाव वीस लाखांवर आला तरी तिचे सुटे भाग सत्तर लाखांच्या गाडीचेच राहतात. एकोणीस इंची चार टायर घ्यायचे म्हटले तरी लाखाच्या पुढे जातात. छत उघडबंद करणारी हायड्रॉलिक यंत्रणा अडली की खर्च कुठे थांबेल सांगता येत नाही. म्हणून गाडी बघताना मी भाव सर्वात शेवटी विचारतो. आधी पुढच्या दीड वर्षात तिला काय काय लागेल याची वहीत यादी करतो, तो आकडा मागितलेल्या भावात मिळवतो, आणि त्या बेरजेत ती पुण्यात विकली जाईल का ते बघतो.

आता प्रत्यक्ष गाडी बघणं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा जाणता माणूस रंगाआधी पाय बघतो, तसं इथे पॉलिशकडे पाठ फिरवून सुरुवात करायची. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर पुन्हा सकाळी या, कारण थंड इंजिन चालू होतानाचे पहिले काही सेकंद फार बोलतात. इंजिनातल्या साखळीचा, म्हणजे टायमिंग चेनचा, खडखडाट असेल तर तो तेव्हाच ऐकू येतो, इंजिन तापल्यावर दबतो. स्कोडाच्या लॉरा आणि सुपर्बमधल्या जुन्या १.८ टीएसआय इंजिनांमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) आणि ऑइल खाणं ही जगभर माहीत असलेली दुखणी आहेत. लॉरा आरएस बघत असाल तर हा आवाज कान देऊन ऐका, आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये किती ऑइल भरावं लागतं तेही विचारा.

मग गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावा. मीटर मारलेलं, म्हणजे किलोमीटर मागे फिरवलेलं, आहे का हे डॅशबोर्डवरून कळत नाही. पण बऱ्याच जर्मन गाड्यांत किलोमीटरची नोंद इंजिन, गिअरबॉक्स अशा वेगवेगळ्या मॉड्यूलमध्येही राहते. डॅशवर बेचाळीस हजार आणि गिअरबॉक्समध्ये एक्क्याऐंशी हजार दिसले की बोलणं तिथेच थांबवायचं. रंगाची जाडी मोजणारा गेज जवळ ठेवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर ३०० दिसले तर पुन्हा रंग झालाय, हजाराच्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे. ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर साधा गेज चालत नाही, दोन्ही धातू मोजणाराच घ्या. एका दाराचा रंग हा दोष नव्हे, ओरखडे सगळ्यांना पडतात. पिलर, छत आणि पुढच्या ॲप्रनवर (बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावर) हात फिरलेला दिसला तर मात्र गाडी कितीही स्वस्त असो, सोडा.

पुराची गाडी ओळखायला एक पद्धत आहे, ती मी प्रत्येक गाडीवर करतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. नेहमी बाहेर असणारा भाग धुतलेला असतो, पण जो भाग कायम आत गुंडाळलेला राहतो तिथे मातीची फिकट, सरळ रेघ सापडते. एका चकाचक रोडस्टरवर मला अशी रेघ दिसली, पुढे कार्पेट उचललं तर सीटच्या पटरीचे बोल्ट गंजलेले. विकणाऱ्याने विषय बदलला, मी चहा संपवून निघालो.

गिअरबॉक्सवर थोडं जास्त थांबतो, कारण सर्वात जास्त पैसे तिथेच बुडतात. १.२ लिटरच्या जुन्या पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे. त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारं नियंत्रण यंत्र, बिघडलं तर खर्च लाखात जातो. बाजाराच्या दिवशी गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक सोडत-धरत चालवा. थरथर, झटका किंवा गिअर लागायला वेळ जाणवला तर ते लिहून घ्या. ऑक्टाव्हिया आरएस २३० मधला सहा गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. बिल मागा. "बदललंय की" हे उत्तर बिलाच्या जागी धरू नका. पोर्शेत २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर आणि केमनच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं, ते फुटलं तर इंजिनच जातं. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात ते नाही. तेवढ्या एका वर्षाने भावात फरक पडतो आणि पडायलाच हवा.

आपल्या उन्हाचा हिशोब वेगळा करावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा उन्हात बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचं डॅशबोर्डवरचं चामडं आक्रसतं, हेडलाइट पिवळे पडतात, कापडी छत आणि दारांचे रबर कडक होतात. जर्मन गाड्यांमधले इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे प्लॅस्टिक भाग, थर्मोस्टॅटचं हाउसिंग आणि वॉटर पंप, उष्णतेत लवकर गळतात. म्हणून शक्य असेल तर ट्रायल भर दुपारी घ्या. तासभर महामार्गावर पळवा, मग एसी चालू ठेवून एका जागी उभी करा, पंखा लागतो का बघा आणि तापमानाचा काटा हलतो का ते डोळे लावून पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खोल नक्षी असलेला पण सहा-सात वर्षांचा टायर आपल्या उन्हात भरवशाचा राहत नाही. "फक्त नऊ हजार चाललीय" या वाक्याने हुरळू नका. नुसती उभी राहिलेली गाडी सील सुकवते, टायर एका बाजूने चपटे करते आणि टाकीत जुनं पेट्रोल साठवते. दरवर्षी थोडी थोडी चाललेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी मला जास्त आवडते.

मॉडिफिकेशनबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. मालकाने एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवणं) आणि रिम्सवर चार लाख घातलेले असतात आणि तेवढेच तो भावात मागतो. बाजार ते देत नाही. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि रिमॅप केलेल्या गाडीचा क्लच किती शिल्लक आहे याची खात्री कोण देणार? मूळ एक्झॉस्ट आणि मूळ रिम्स घरात जपून ठेवले असतील तर मात्र गाडी घ्या, ते परत बसवा, भाव वर जातो. रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद हवी. दुसरी चावी, टूलकिट, चाकाच्या लॉकनटची चावी, मालकाचं पुस्तक या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू हातात असल्या की पुण्याचा शौकीन घासाघीस निम्मी करतो.

कागदांत कंटाळा करायचा नाही. नंबर टाकून सरकारी ॲपवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, चलनं किती थकली आहेत ते बघा आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, शिवाय महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा. ही शेवटची बाब लोक विसरतात. बाहेरच्या पासिंगची गाडी दोन लाखांनी स्वस्त दिसते, कर भरला की महाग पडते. परदेशातून थेट आलेली गाडी असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एन्ट्री बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका.

धंदा म्हणून करणार असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते पाच वर्षं चालतं. नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीच्या नफ्यावर, म्हणजे घेतल्या-विकल्या भावातल्या फरकावर, १८ टक्के जीएसटी आहे. तो धरूनच भाव बोला. दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, समोरचा कितीही आग्रह करो, पैसे बँकेतून घ्या.

वेळेचाही भाव असतो. कापूस आणि केळीचा पैसा हातात आला की दिवाळीला आणि पुढे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) इकडची माणसं गाडी बघायला बाहेर पडतात, "कितलाले देशी, भाऊ?" (केवढ्याला देशील?) करत घासतात आणि घेतातही. पितृपक्षात बाजार थंड, तेव्हा खरेदी करावी. डिसेंबरअखेर विकणारा घाईत असतो, कारण जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते.

विकताना दोष आधी सांगा आणि फोटोही दोषांचे आधी पाठवा. पाचशे किलोमीटरवरून येणाऱ्या माणसाला दारावरचा डाग इथे आल्यावर दिसला तर तो बाकी सगळ्यावरच संशय घेतो. आधी सांगितला असेल तर तो घरूनच भाव ठरवून येतो. तपासणी त्याच्या पसंतीच्या सर्व्हिस सेंटरला करू द्या. इसार घेतला तर पावतीवर रक्कम, मुदत आणि व्यवहार मोडला तर काय, हे लिहा. ताबा देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि ट्रान्सफरच्या मागे स्वतः लागा. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. मी ठरलेल्या भावातली थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत मागे ठेवायचं लिहून घेतो, घेतानाही आणि विकतानाही. नवी आरसी ऑनलाइन दिसली की त्याच दिवशी हिशोब पूर्ण करतो.