रोझमेरी कुंडीत जगवायची कशी आणि मग वापरायची कशी

नर्सरीतून रोझमेरी आणली की आपण सवयीने ती तुळशीशेजारी ठेवतो, रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं हिला, आणि दीड-दोन महिन्यांत झाड जातं. माझ्या पुण्यातल्या गॅलरीत पहिली दोन झाडं अशीच गेली आणि दोन्ही वेळेला मला खूप उशिरा कळलं, कारण रोझमेरी मेली तरी तिची पानं कितीतरी दिवस हिरवीच दिसतात. म्हणून शंका आली की खोडावर नखाने हलकं खरवडून बघा, सालीखाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं लागलं तर ती फांदी गेली.

तुळस, पुदिना, पानओवा आणि रोझमेरी, सगळ्या एकाच घराण्यातल्या, पण हिचं माहेर वेगळं आहे. लॅटिनमध्ये रोस म्हणजे दव आणि मारिनुस म्हणजे समुद्राचं, तर नाव झालं समुद्राचं दव, गुलाबाचा किंवा मेरी नावाच्या बाईचा मुळात काही संबंध नाही. भूमध्य समुद्राच्या काठी खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर ही आपोआप वाढते, तिथे उन्हाळा कडक कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणजे आपल्या अगदी उलट. एक पान तोडून जवळून बघा, कडा खाली दुमडलेल्या, पाठ पांढुरकी मऊ लव असलेली, पाणी उडून जाऊ नये म्हणून केलेली सगळी सोय. बोटांना चिकट लागतं आणि कापूर, निलगिरी असा वास बराच वेळ राहतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

नावाचा अजून एक घोळ. हिंदीत हिला गुलमेहंदी म्हणतात, पण त्याच नावाने तेरडाही ओळखला जातो, त्यामुळे गुलमेहंदीचं बी म्हणून पाकीट आणलंत तर कुंडीत तेरडा उगवायची शक्यता जास्त. आणि लेबलवर कुठे रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस तर कुठे साल्विया रोझमॅरिनस लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, झाड एकच आहे, पहिलं नाव लिनिअस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ साली दिलेलं आणि २०१७ मध्ये अभ्यासकांनी हिला साल्वियाच्या वंशात घेतलं.

आता लावायचं कसं. बियांच्या मागे लागू नका, फार कमी उगवतात आणि वेळ खूप खातात, फांदीपासूनच रोप करा. पाऊस संपला की दिवाळीच्या आसपास ते जानेवारीपर्यंत चांगला काळ. शेंड्याकडची कोवळी, फुलं न आलेली १० ते १२ सेंटीमीटरची फांदी घ्या, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळू निम्मी-निम्मी करून त्यात खोचा, आणि उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवा. साधारण ४ ते ६ आठवड्यांत मुळं धरतात, हलकं ओढून बघितलं आणि फांदीने विरोध केला की समजा धरली. चार-पाच फांद्या एकदम लावा कारण सगळ्या काही लागत नाहीत. सुपरमार्केटमध्ये ताज्या रोझमेरीचं छोटं पाकीट मिळतं त्यातलीही टवटवीत फांदी लागते, करून बघा.

मोठ्या कुंडीत हलवताना मात्र मन घट्ट करा, म्हणजे शेणखत, गांडूळखत ओंजळीने घालायचा मोह आवरा. कुंडी मातीचीच, प्लास्टिकची नको, कारण मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, मग एक भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू, अर्धा भाग गांडूळखत, बस. काळी माती पाणी धरून ठेवते, तीच असेल तर वाळू दुप्पट घाला. जागा अशी की रोज ६ तास तरी ऊन आणि वारा खेळता. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर आज नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही.

आणि जून ते सप्टेंबर हाच हिचा खरा परीक्षेचा काळ, कारण तिच्या देशात गरम दिवसांत पाऊस नसतो आणि आपल्याकडे उकाडा आणि ओल दोन्ही एकदम येतात, मुळं कुजतात ती इथेच. कुंडी पागोळीखालून काढून पत्र्याच्या आत पण उजेडाला आणा, दोन विटांवर ठेवा, मधल्या दाट फांद्या थोड्या विरळ करा म्हणजे हवा फिरेल. कोकणात, मुंबईत तर हे करायलाच हवं. छाटताना फक्त हिरव्या भागात कापा, खालच्या बिनपानांच्या जुन्या लाकडात कापलंत तर तिथून सहसा फूट येत नाही.

स्वयंपाकात हिला कोथिंबिरीसारखं शेवटी वरून भुरभुरू नका, पान कडक असतं, दाताखाली काडीसारखं येतं. हिला कढीपत्त्यासारखं वागवा, तेलात आधी. शेंडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने वरून खाली उलट्या दिशेने ओढलं की पानं सरसर सुटतात, ती बारीक चिरा. माझ्या घरी सगळ्यात जास्त होतात ते बटाटे: ४ मध्यम बटाट्यांच्या फोडी मिठाच्या पाण्यात ७-८ मिनिटं उकडून निथळून घ्यायच्या, जाड कढईत ३ चमचे तेल, सालासकट ठेचलेला लसूण, १ चमचा चिरलेली रोझमेरी, आणि फोडी मंद आचेवर सगळीकडून खरपूस होईपर्यंत परतायच्या. आच मोठी केली की पानं जळून कडू होतात. इटलीत लिग्युरियाकडे फोकाशिया नावाच्या जाड भाकरीसारख्या ब्रेडवरही ही ऑलिव्ह तेल आणि जाड मिठाबरोबर घालतात. सुकी पानं वापरणार असाल तर ताज्याच्या एक तृतीयांश घ्या. आणि ताजी ओली फांदी तेलाच्या बाटलीत बुडवून महिनोन्‌महिने ओट्यावर ठेवू नका, दिसायला सुंदर दिसतं पण हवा नसलेल्या ओल्या जागी घातक जंतू वाढू शकतात, तेल करायचं तर पूर्ण सुकलेली पानं घ्या.

रोझमेरीने केस वाढतात का, हे आता सगळेच विचारतात. २०१५ मध्ये १०० जणांवर ६ महिने एक अभ्यास झाला, त्यात रोझमेरीचं तेल आणि २ टक्के मिनॉक्सिडिल (केस गळतीवर डोक्याला लावायचं औषध) यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला, पण पहिल्या ३ महिन्यांत दोन्हीकडे काही फरक नव्हता, आणि तो अभ्यास तेलाचा होता, रोझमेरी उकळलेल्या पाण्याचा नाही. त्यामुळे आठवड्यात केस येतील ही आशा कुणी लावत असेल तर विश्वास ठेवू नका. पाणी करायचंच तर २ कप पाण्यात २ फांद्या मंद आचेवर १० मिनिटं, गार करून गाळून फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत संपवा. बाजारातलं अर्क-तेल कधीही थेट डोक्याला लावायचं नाही, मोठ्या चमचाभर खोबरेल तेलात ३ थेंब, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. त्यात कापराचा अंश असतो, म्हणून फिट्स येणारे, गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

छाटणीत निघालेल्या जाड काड्या फेकू नका, पानं काढून अर्धा तास पाण्यात भिजवा, एक टोक तिरकं कापा आणि त्यावर पनीर आणि कांद्याचे तुकडे ओवून तव्यावर भाजा, आतून वास लागतो.